चोरीला गेलेले पिस्तूल आणि मालकाची जबाबदारी

चोरी चोराने केली, गोळी दुसऱ्याच्या हातून सुटली. मग मालकाचा दोष काय? हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण चोरीला गेलेली वस्तू पिस्तूल असेल तर?

अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को शहरात जून २०१५ मध्ये एका सरकारी रेंजरच्या उभ्या मोटारीतून चोराने बॅग पळविली. तीत भरलेले पिस्तूल होते. चारच दिवसांनी, १ जुलैला, त्याच पिस्तुलाच्या गोळीने धक्क्यावर वडिलांसोबत फिरणारी ३२ वर्षांची तरुणी मरण पावली. ज्याच्या हातून गोळी सुटली, त्याला ज्यूरीने २०१७ साली खुनाच्या आरोपातून सोडले. पिस्तूल तसे ठेवणे आणि तिचा मृत्यू यांचा संबंध फार दूरचा, असे अपील न्यायालयाने २०२१ साली ठरविले. म्हणजे मुलगी गेली. जबाबदार कोणीच नाही!

कायदा संबंध किती जवळचा ते मोजतो. नीती विचारते, हे टाळणे तुझ्या हाती होते की नव्हते? चोरलेले घड्याळ मालकाचेच नुकसान करते. चोरलेले पिस्तूल तिसऱ्याचा जीव घेते. रेंजरच्या मनात हिंसा नव्हती, हे खरे. पण प्रमादाला हेतू लागत नाही.

२०१७ पासून त्या कॅलिफोर्निया राज्यात मोटार सोडून जाताना पिस्तूल कुलूपबंद ठेवणे पोलिसांनाही सक्तीचे झाले. एका कुलुपाची किंमत ती किती!

बंधु-भगिनींनो, चोराचा गुन्हा चोराचाच. पण जे बाळगल्याने परक्याचा प्राण जाऊ शकतो, त्याची राखण करणे हे बाळगणाऱ्याचे शील आहे.