भरवशाच्या म्हशीविषयी

'भरवशाच्या म्हशीला टोणगा' ही म्हण आपण इतक्या सहज वापरतो की तिच्यातला अन्याय ध्यानात येत नाही. पारडीच देईन, असे म्हशीने कुणाला कधी सांगितलेले नसते. भरवसा धरतो तो माणूस; आणि तो चुकला की नाव मात्र म्हशीचे होते. परवा माझी जुनी गाडी विकायला काढली, तेव्हा मला या म्हशीची फार आठवण झाली.

आमच्या आसेगावात उंच चाकांची, सात-आठ माणसे पोटात घेणारी गाडी ही चैनीची वस्तू मानत नाहीत. पावसाळ्यात काळी माती चाक धरून ठेवते आणि अकोल्याचा दवाखाना जवळ येत नाही. सर्वांना नवी गाडी परवडत नाही. १९९४ साली टाटा सुमो आली, २००० साली बोलेरो आली. अशा गाड्या पहिल्या धन्याकडे काही वर्षे राबल्या, की दुसऱ्या-तिसऱ्या धन्याच्या दारी जातात. तो धनी पैसे मोजतो ते गाडीच्या उरलेल्या आयुष्याचे, आणि ते आयुष्य तर कुणाला दिसत नाही.

माझी गाडी पाहायला शेजारच्या गावचा एक तरुण आपला मिस्त्री घेऊन आला. मिस्त्र्याने आधी बॉनेटवर तळहात ठेवला. आपण येण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले नाही ना, हे त्याला पाहायचे होते. थंड इंजिन पहिल्या फेऱ्यात सुरू होते की कण्हते, यावरून पुष्कळ कळते. मग त्याने धूर पाहिला : निळा असेल तर ऑइल जळते, पांढरा धूर थांबतच नसेल तर पाणी आत शिरते. झाकण काढून ऑइलला दुधाळ रंग आला आहे का ते पाहिले. किलोमीटरच्या आकड्यावर त्याने विश्वास ठेवला नाही. ब्रेकच्या पायपट्टीचे रबर किती झिजले आहे, ते बोटाने चाचपले. एखाद्या वैद्याने नाडी पाहावी तसा तो मला वाटला.

परंतु नाडी आजची असते. गाडी दहा वर्षे चालली म्हणून आणखी पाच चालेल, हे अनुमान आपण रोज करतो. त्यातली मेख अब्राहम वॉल्ड या गणितज्ञाने दुसऱ्या महायुद्धात दाखवून दिली. परत आलेल्या विमानांवरच्या गोळ्यांच्या खुणा मोजून, तेथे पत्रा जाड करावा, असा विचार चालला होता. वॉल्डचा रोख उलट होता : ज्या जागी गोळी लागलेली विमाने परतलीच नाहीत, ती जागा जपली पाहिजे. रस्त्यावर दिसणाऱ्या जुन्या गाड्या अशाच, परत आलेल्या. भंगारात गेलेल्या साक्षीला येत नाहीत. हे ओळखणारा वॉल्ड १९५० साली आपल्याच देशात, निलगिरीच्या डोंगरात, विमान अपघातात गेला. कायदाही याबाबतीत सावध आहे. खाजगी गाडीची नोंदणी तो पंधरा वर्षांची देतो आणि मग तपासणी करून पाच-पाच वर्षांनी वाढवतो; तोसुद्धा विश्वास हप्त्यानेच देतो.

मिस्त्र्याचे समाधान झाले. तरुणाने मला एकच विचारले, "भाऊ, रस्त्यात धोका त नाही देनार ना जी? बापाले हप्त्यातून दोनदा डायलिसिसले अकोल्याले न्या लागते."

मी म्हणालो, "दोन वर्षांत एकदाही थांबली नाही."

यातले अक्षर अन् अक्षर खरे होते. दोन वर्षे आणि दोन महिन्यांपूर्वी पातूरच्या घाटात इंजिन तापले होते, हेडचे गास्केट गेले होते आणि आम्ही अर्धी रात्र रस्त्यावर काढली होती. ते सत्य कुंपणाबाहेर राहावे, म्हणून मी कुंपण बरोबर दोन वर्षांवर घातले. तरुणाने पाच हजार इसार दिला.

रात्री मी स्वतःशी पुष्कळ वाद घातला. दुरुस्ती पक्की झाली होती. त्याच्या मिस्त्र्याला काही सापडले नव्हते. घेणाऱ्याने पारखून घ्यावे, ही बाजाराची रीतच आहे. जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावरच एक निबंध लिहिला. विकणाऱ्याला ठाऊक असते आणि घेणाऱ्याला नसते, म्हणून घेणारा सगळ्याच गाड्यांना कमी भाव देतो, आणि चांगली गाडी असणारा बाजारातून उठून जातो, असे त्याचे सांगणे. म्हणजे माझ्या मौनाची किंमत त्या तरुणाबरोबर खरे सांगणारा विक्रेताही मोजणार होता. पण खरे सांगायचे तर मला झोप लागू दिली नाही ती अर्थशास्त्राने नव्हे. घाटात थांबलेल्या गाडीत मागच्या बाकावर आडवा झालेला एक म्हातारा मला दिसत होता.

सकाळी जाऊन मी सर्व सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "मंग काल काऊन नाही सांगतलं?"

माझ्यापाशी उत्तर नव्हते. खरे बोललो की मोडलेले सांधेल, अशा समजुतीने मी गेलो होतो. पण आजच्या खऱ्याने कालचे मौन उघडे पाडले. गास्केटचा दोष त्याला कदाचित चालला असता. त्याला माहीत असता तर तो घाटाआधी थांबला असता, पाणी पाहिले असते, जवळ एक कॅन ठेवला असता. दोष ठाऊक असला की माणूस त्यापुरती तजवीज करतो आणि निर्धास्त निघतो. माझ्याविषयी त्याने कोणती तजवीज करायची? त्याने इसार परत मागितला. मी दिला.

पुढे त्याने दुसरी गाडी घेतली. शेलूबाजारच्या रस्त्यावर कधी समोरून येते, तो हात वर करतो, मीही करतो. मागच्या बाकावर त्याचे वडील असतात. ती गाडी विकणाऱ्याने त्याला काय सांगितले असेल, हे विचारण्याचा अधिकार मला नाही.

माझी गाडी अजून अंगणातच आहे. रोज सकाळी, इंजिन थंड असताना, मी रेडिएटरचे झाकण उघडून पाणी पाहतो.