तरुणांचं गाव

तरुणांना गावाचं काही पडलेलं नाही, अशी तक्रार पारावर नेहमी ऐकू येते. हिवरेबाजार हे गाव मात्र वेगळं सांगतं. १९८९ साली, म्हणजे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं त्याच वर्षी, तिथल्या तरुणांनी आग्रह धरून पदव्युत्तर शिकलेल्या पोपटराव पवारांना सरपंच केलं. पुढे श्रमदानातून पाणलोटाची कामं झाली आणि विहिरींना पाणी आलं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांदुरा यांच्या मते माणसाचा स्वतःच्या क्षमतेवरचा विश्वास सर्वांत पक्का होतो तो स्वतः साधलेल्या यशातून. उपदेश त्यामानाने दुबळा. विहिरीची चढलेली पातळी हे असंच, डोळ्यांना दिसणारं यश.

कुणी म्हणेल, हे एका नेत्याचं कर्तृत्व. त्याचा वाटा मोठाच आहे. पण शेतीसाठी बोअरवेल न घेण्यासारखा कठीण निर्णय टिकतो, तो गावानं मिळून घेतला म्हणून. मुलं शिकून पुण्याला जातात, हेही खरं. म्हणूनच गाव सोडण्याआधी, सोळा-सतराव्या वर्षीच, पावसाची नोंद, पाण्याचा ताळेबंद अशी खरी कामं त्यांच्या हाती यायला हवीत. बहुतेक ठिकाणी त्यांच्या वाट्याला फक्त सतरंज्या उचलणं येतं, याचं मनापासून वाईट वाटतं. मतदारयादीत नाव लागलं की अठरा वर्षांची मुलगीही ग्रामसभेची पूर्ण सदस्य असते. तिथं तिला प्रश्न विचारू द्या आणि उत्तरही त्याच सभेत द्या.