वैरण आणि चाबूक
वर्धा जिल्ह्यांतील सिंदी (रेल्वे) येथील तान्हा पोळा प्रसिद्ध आहे. पोळ्याच्या दिवशीं राबणाऱ्या बैलास विसांवा. दुसऱ्या दिवशीं मुलें लांकडी नंदी मिरवितात. कामाप्रमाणें खेळासहि तेथें मान आहे. म्हणून कचेरींतून निवृत्त झालेला संगणक तरुणांनीं खेळास जुंपावा, यांत आम्हांस गैर दिसत नाहीं. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ची नियमित सेवा संपली व कित्येक धडधाकट यंत्रें टाकाऊ ठरलीं; त्यांस दुसरें आयुष्य देणें हा विवेकच होय.

प्रश्न उरतो तो मार्गाचा. रॅम वाढवावी, एसएसडी बसवावी, वीजपुरवठ्यास पेलेल असें ग्राफिक्स कार्ड जोडावें. यांत यंत्राची अडचण दूर होते. ओव्हरक्लॉकिंगची गोष्ट निराळी. त्यांत प्रोसेसर नेमल्याहून अधिक वेगानें पळवितात. त्यापायीं विद्युद्दाब वाढविला, तर उष्णता दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते व आयुष्य घटतें. पहिला उपाय वैरणीचा, दुसरा चाबकाचा. यंत्रास वेदना नाहीं, हें खरें. परंतु संवय यंत्राला लागत नसून हाताला लागते, आणि त्याच हाताखालीं आमचीं मुलें व नोकरचाकर असतात. कोणाकडूनहि अधिक मागण्यापूर्वीं त्याचें काय अडलें आहे, हें आधीं पाहावें.