जुना सर्व्हर आणि दुसऱ्याची ठेव

॥ श्री गुरुदेव दत्त ॥


आपल्या केंद्राची सगळी माहिती गेल्या महिन्यात क्लाउडवर गेली. जुना सर्व्हर आता कपाटाशेजारी बंद पडून आहे. तो एखाद्या शाळेला द्यावा, दान घडेल, असं ग्रुपवर बऱ्याच जणांनी लिहिलं. विचार चांगलाच आहे. पण दान आपल्या वस्तूचं करता येतं. यंत्र केंद्राचं, हे खरं. त्याच्या आत जे आहे ते कुणाचं?

आत बारा-पंधरा वर्षांची पत्रं आहेत. कुणी मुलाच्या व्यसनाबद्दल लिहिलंय, कुणी मोडत आलेल्या संसाराबद्दल. आजाराचे रिपोर्ट आहेत, पत्रिका आहेत, देणगीदारांच्या आधार-पॅनच्या प्रती आहेत. ही माणसं महाराजांशी बोलली होती, आपल्याशी नाही. आपण फक्त सांभाळणारे. आणि काही लिहिणारे तर आज हयातही नाहीत. ते तक्रार करायला येणार नाहीत, म्हणून आपल्यावरचा भार उलट वाढतो.

"डिलीट केलंय की सगळं!" असं कुणी म्हणेल. डिलीट म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडणं. पानं तशीच राहतात. घाईचं फॉरमॅटही बहुधा एवढंच करतं. गणपतीची उत्तरपूजा केली, मूर्ती जागची हलवली आणि विसर्जनाला नेलीच नाही, तसला प्रकार. अमेरिकेत एमआयटीच्या दोघा विद्यार्थ्यांनी वापरलेल्या १५८ हार्ड डिस्क विकत घेऊन तपासल्या आणि २००३ साली ते छापलं. चालू निघालेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या फक्त १२! बाकीच्यांत क्रेडिट कार्डांचे हजारो नंबर, लोकांच्या आजारपणाची माहिती. विकणाऱ्यांच्या मनात काही वाईट असेल असं मला वाटत नाही. पुसलं गेलं, असं त्यांनी धरून चाललं असेल.

दुसरा एक सूर असतो: "आपण सत्संगातली माणसं, आपल्याला लपवायचं काय?" हे मला अजिबात पटत नाही. लपवायचं की नाही हे जिने पत्र लिहिलं ती ठरवेल. तिचं मन आपण मोठं करायचं नाही.

काम तसं अवघड नाही. साध्या हार्ड डिस्कवर शेवटच्या कोपऱ्यापर्यंत शून्यं लिहायची. एकदा पूर्ण झालं की पुरे, पस्तीस वेळा वगैरे जुनी समजूत आहे. एसएसडीला मात्र हे पुरत नाही, कारण कुठे लिहायचं ते ती आतल्या आत स्वतः ठरवते. तिच्यासाठी कंपनीने दिलेली सिक्युअर इरेजची सोय वापरायची. जी डिस्क चालतच नाही ती फोडायची.

आधी मात्र क्लाउडवरची पत्रं आणि हिशेब उघडून नीट वाचता येतात का, ते पाहायचं. एकुलती एक प्रत आपल्या हातून पुसली गेली, तर तोही विश्वासघातच. हिशेबाचे कागद तर कायद्याने जपावेच लागतात.

येत्या शनिवारी आरतीनंतर हे काम करू. दोघं समोर बसतील, प्रत्येक डिस्कचा नंबर वहीत लिहून सह्या करतील. मग यंत्र शाळेला खुशाल द्या. आणि सेवेच्या सोयीसाठी ज्यांनी पत्रं घरच्या लॅपटॉपवर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घेतली होती, त्यांनी तेही सोबत घेऊन यावं.