गोळी कुणाच्या मालकीची?

सप्टेंबर २००० मध्ये १८९ देशांनी संयुक्त राष्ट्रांचा सहस्रक जाहीरनामा मान्य केला. त्यातून आठ विकास उद्दिष्टं निघाली आणि जगभरच्या कॉलेजांना पोस्टरांसाठी विषय मिळाला. २०१५ पासून उद्दिष्टं १७ झाली, तसे पोस्टरांवरचे रंगीत चौकोनही वाढले. आपल्याकडेही निबंध स्पर्धा, पथनाट्य, सेल्फी पॉइंट आणि शेवटी प्रमाणपत्र असा कार्यक्रम रीतसर पार पडतो. वाईट काहीच नाही. फक्त त्यातली गरिबी कायम दुसऱ्याच्या अंगणातली असते.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांना २००१ साली या गरिबीचा एक धागा स्वतःच्याच आवारात सापडला.

स्टॅव्हुडिन हे औषध एचआयव्हीवर चालतं, हे येलच्या विल्यम प्रुसॉफ आणि ताइ-शुन लिन यांनी दाखवलं होतं. पेटंट विद्यापीठाचं, विक्रीचे हक्क ब्रिस्टल-मायर्स स्क्विब कंपनीकडे आणि रॉयल्टीचे कोट्यवधी डॉलर येलच्या तिजोरीत. तेव्हा तीन औषधांच्या एकत्रित उपचाराला माणशी वर्षाला दहा हजार डॉलरच्या वर खर्च येई. दक्षिण आफ्रिकेतल्या लाखो रुग्णांनी त्याचं नावही काढू नये, अशी अवस्था. त्याच वर्षी फेब्रुवारीत मुंबईच्या सिप्लाचे युसुफ हमीद यांनी ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संघटनेला असे उपचार ३५० डॉलरांत देऊ केले. त्यात स्टॅव्हुडिनही होतं. भारताचा १९७०चा कायदा औषधाला पेटंट देत नसे, ते बनवण्याच्या पद्धतीला देई. म्हणून सिप्लाला हे जमलं. दक्षिण आफ्रिकेत मात्र येलचं पेटंट आडवं येत होतं.

संघटनेनं येलला पत्र लिहून वाट मोकळी करायला सांगितलं. विद्यापीठाचं म्हणणं, आमचे हात करारानं बांधलेले आहेत. मग कायदा शिकणारी एमी कॅपचिन्स्की आणि तिचे सोबती कामाला लागले. निवेदनावर शेकडो सह्या झाल्या, वर्तमानपत्रांत बातम्या आल्या. ऐंशी वर्षांचे प्रुसॉफ उघडपणे स्वस्त औषधाच्या बाजूनं बोलले. ज्यानं शोध लावला तोच असं म्हणू लागल्यावर विद्यापीठाची पंचाईत झाली नसती तरच नवल! १४ मार्चला कंपनीनं जाहीर केलं, की दक्षिण आफ्रिकेत हे पेटंट आड येणार नाही. किंमतही उतरवली.

सगळं श्रेय मुलांचं नाही. दक्षिण आफ्रिकेतले रुग्ण स्वतः रस्त्यावर उतरले होते आणि औषध कंपन्यांची जगभर छी-थू चालली होती. पण येलवर दाब टाकायची जागा कुठली, हे मुलांनी हेरलं. ती जागा पोस्टरावर नव्हती, परवान्याच्या करारात होती.

या लढ्यातून औषधांच्या प्रश्नावर काम करणारी विद्यार्थ्यांची एक आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. पुढे कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठानं २००७ मध्ये, आपलं संशोधन गरीब देशांना परवडेल अशा अटींचं धोरण स्वीकारलं. खुद्द स्टॅव्हुडिन तोवर बदनाम होत चाललं होतं; दुष्परिणामांमुळे जागतिक आरोग्य संघटनेनं २००९ मध्ये ते हळूहळू थांबवायला सांगितलं.

भारतातही २००५ पासून औषधाला थेट पेटंट मिळतं आणि एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीत विद्यापीठांची पेटंटं मोजली जातात. ती कुणाला, कोणत्या अटींवर दिली जातात, याची चौकशी करणारं विद्यार्थी मंडळ मात्र क्वचितच दिसतं.