निक्षेपाची चोरी आणि दंडाचा धर्म

चोरी हा शब्द एकच असला तरी सर्व चोऱ्या सारख्या नसतात. बागेतील फळ तोडणारा, दुकानातील कापड लांबविणारा आणि वेदनेने तळमळणाऱ्या मनुष्याच्या उशाशी ठेवलेले औषध काढून नेणारा, या तिघांच्या कृत्याला व्यवहारात एकच नाव आहे; परंतु धर्माचा विचार करणाऱ्याने त्यांतील भेद पाहिला पाहिजे. रुग्णालयातील एखादी परिचारिका किंवा परिचारक आपल्या ताब्यातील मॉर्फिन, पेथिडिन, फेंटानिल यांसारखी नियंत्रित औषधे चोरून विकू लागला, तर त्याला कोणते शासन करावे, हा प्रश्न वरवर पाहता रुग्णालयाच्या शिस्तीचा वाटतो. वस्तुतः विश्वास, दंड आणि दया यांचा परस्परसंबंध काय, हाच प्रश्न त्यात दडलेला आहे.

या औषधांच्या व्यवहाराचे स्वरूप प्रथम ध्यानात घ्यावे. ती कुलूपबंद कपाटात ठेवतात. कुपी-कुपीची नोंद वहीत होते. पाळी बदलताना जाणारी व येणारी परिचारिका मिळून शिल्लक मोजतात. कुपीतील उरलेले औषध टाकावयाचे झाल्यास ते दुसऱ्याच्या देखत टाकून त्याची सही घ्यावी, असा दंडक असतो. इतके असूनही या साखळीची अखेरची कडी उघडीच राहते. शस्त्रक्रियेनंतर ग्लानीत पडलेल्या रुग्णाच्या शिरेत जे गेले, ते औषध होते की मिठाचे पाणी, हे त्याला कळण्याचा मार्ग नसतो. वेदना थांबली नाही, एवढेच त्याला कळते. आणि तसे तो म्हणालाच, तर ‘याला सोसवत नाही’ म्हणून दोष त्याच्याच माथी येतो.

आपल्या धर्मशास्त्रात विश्वासाने सोपविलेल्या ठेवीला ‘निक्षेप’ म्हणतात, आणि मनूने व्यवहाराची जी अठरा पदे गणली, त्यांत निक्षेपाला स्वतंत्र स्थान आहे. कपाटाची किल्ली हा असाच निक्षेप होय. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रुग्ण. परिचारकाच्या ठिकाणीही ते चार गुण अपेक्षितात: सेवेचे ज्ञान, दक्षता, रुग्णाविषयी अनुराग आणि शुचिता. औषध चोरणाऱ्याच्या अंगी पहिले दोन गुण बहुधा असतातच. किंबहुना त्या ज्ञानाच्या व दक्षतेच्या बळावरच त्याची चोरी झाकली जाते. नष्ट होतात ते पुढचे दोन. अनुराग व शुचिता गेल्यावर उरलेले ज्ञान रुग्णाचे रक्षण करीत नाही, उलट त्याच्यावरच उलटते.

आता पूर्वपक्ष पाहू. एक पक्ष म्हणतो, ‘अशा मनुष्याला तत्काळ कारागृहात धाडावे व जन्मभर रुग्णशय्येजवळ येऊ देऊ नये.’ दुसरा म्हणतो, ‘परिचारिकांचे वेतन अनेक ठिकाणी तुटपुंजे असते, रात्रपाळ्या शरीर मोडून टाकतात, समोर अहोरात्र दुःख असते, अशा स्थितीत एखादीचा पाय घसरला तर तिच्यावर दया करावी.’ तिसरा पक्ष वाद घालीत नाही, तो फक्त कृती करतो: संस्थेची अब्रू जाऊ नये म्हणून राजीनामा घेतो, अनुभवाचे प्रमाणपत्र देतो आणि प्रकरण मिटवितो.

या तिसऱ्या पक्षाचाच विचार प्रथम केला पाहिजे, कारण दयेचा वेष घेऊन वावरणारा तोच आहे. अमेरिकेतील न्यू हॅम्पशायर राज्यातील एका रुग्णालयाच्या तंत्रज्ञाला २०१२ मध्ये अटक झाली. तो परिचारक नव्हता. परंतु रुग्णांसाठी भरून ठेवलेल्या फेंटानिलच्या पिचकाऱ्या त्याच्या हाताशी येत. त्या उचलून तो स्वतःला टोचून घेई आणि त्यांत मिठाचे पाणी भरून परत ठेवी. त्याला यकृतदाहाच्या ‘सी’ विषाणूची बाधा होती. त्या दूषित पिचकाऱ्यांमुळे निरनिराळ्या राज्यांतील चाळीसहून अधिक रुग्णांना ती बाधा झाली. २०१३ मध्ये त्याला ३९ वर्षांची शिक्षा झाली. विचारणीय गोष्ट ही की, त्यापूर्वी इतर राज्यांतील रुग्णालयांनीही त्याला संशयावरून काढले होते. तरीही पुढच्या रुग्णालयाचे दार त्याला उघडे राहिले. ज्यांनी त्याला काढले, त्यांनी आपला उंबरठा स्वच्छ केला आणि केर शेजाऱ्याच्या दारात लोटला. यात त्या अपराध्यावरही उपकार झाला नाही. वेळीच रोखला गेला असता तर त्याच्या हातून पुढचे अनर्थ टळले असते. म्हणून मूकपणे केलेली बडतर्फी ही दयाही नव्हे आणि दंडही नव्हे. ती कर्तव्यापासून केलेली सुटका होय.

आता पहिल्या दोन पक्षांकडे वळू. दोघांच्याही म्हणण्यात सत्याचा अंश आहे. चूक एवढीच की, दोघेही अपराधांतील भेद पाहत नाहीत. जो स्वतः व्यसनाच्या जाळ्यात सापडून औषध चोरतो, आणि जो शुद्धीवर राहून नफ्यासाठी ते विकतो, त्यांची बुद्धी एक नाही. पहिल्याची इच्छाशक्तीच रोगाने ग्रासलेली असते. दुसरा हिशेब करतो. विक्रेत्याचे पाप दुहेरी आहे. आत तो रुग्णाची शांती हिरावतो, आणि बाहेर ज्या अनोळखी हातात ती कुपी जाते, त्याचा घात करतो. फेंटानिलची मात्रा ग्रॅमच्या दशलक्षांश भागांत मोजतात. मात्रा चुकली तर श्वास थांबतो. विकणाऱ्या परिचारिकेला हे ठाऊक असते. विकत घेणाऱ्या तरुणाला बहुधा नसते.

हे जाणणे हीच अपराधाची गुरुता होय. मनुस्मृतीत चोरीचा दोष ज्ञानाच्या व अधिकाराच्या प्रमाणात चढत्या श्रेणीने सांगितला आहे; गुणदोष जाणणाऱ्याचा दोष आठपटीपासून चौसष्टपटीपर्यंत आणि त्याहूनही वर नेला आहे. त्या श्रेणीला दिलेली वर्णाची चौकट आज स्वीकारता येणार नाही. परंतु जो अधिक जाणतो तो अधिक उत्तरदायी, हे त्यातील तत्त्व अबाधित आहे. आजचा कायदाही निराळे सांगत नाही. भारतीय न्याय संहितेत साध्या चोरीला तीन वर्षांपर्यंत, तर नोकराने धन्याच्या ताब्यातील वस्तू चोरल्यास सात वर्षांपर्यंत कारावास आहे. अमली द्रव्यांविषयीच्या १९८५ च्या अधिनियमात विक्रीला कठोर शिक्षा आहे. त्याच अधिनियमात जो व्यसनी केवळ सेवनाच्या वा अल्प प्रमाणाच्या अपराधात सापडला असून स्वेच्छेने उपचार घेऊ इच्छितो, त्याला खटल्यापासून अभय देण्याची तरतूद आहे. आणि उपचार अर्ध्यावर सोडला तर ते अभय काढूनही घेता येते. म्हणजे दंड व दया यांना एकत्र नांदविण्याचा प्रयत्न कायद्यानेही केला आहे. मात्र तो कायदा द्रव्याचे वजन पाहतो. एका रुग्णाने तळमळत काढलेल्या रात्रीचे वजन तराजूत पडत नाही. ते पाहणे शिस्तीचा निर्णय करणाऱ्यांचे काम आहे.

येथे कोणी शंका घेईल की, व्यसनासाठी पैसा लागतो म्हणून विकणारीचे काय? उत्तर असे की, विक्रीचा दंड तिला भोगावाच लागेल, कारण विकत घेणाऱ्याचा जीव तिच्या व्यसनामुळे कमी मोलाचा ठरत नाही. व्यसनाचा विचार दंड टाळण्यासाठी न करता, दंड भोगताना तिच्यावर उपचार व्हावेत यासाठी करावा.

परंतु दंड देणाऱ्याचाही धर्म आहे. शिल्लक जुळली नाही एवढ्यावरून कोणी चोर ठरत नाही. नोंद चुकू शकते, धावपळीत कुपी फुटू शकते. पुष्कळदा संशयाचे बोट सर्वांत नवख्या, कंत्राटावर असलेल्या, पाठीशी कोणी नसलेल्या मुलीकडे वळते. तिला आरोप कळवावा, वह्या दाखवाव्या, तिचे म्हणणे ऐकावे. त्यानंतरच निर्णय करावा. सिद्ध झाल्यावर मात्र पोलीस आणि नोंदणी ठेवणारी परिचर्या परिषद यांच्यापासून ते लपवू नये. आणि व्यवस्थापनाने स्वतःकडेही पाहावे. सामान्य मनुष्याला जेथे एक कार्षापण दंड, तेथे राजाला सहस्र, असे मनूनेच म्हटले आहे. न पाहता केलेली दुसरी सही, महिनोन्‌महिने न तपासलेली वही, एकाच परिचारिकेवर टाकलेला दोघींचा भार, यांचा जाब कोण देणार?

आणखी एक धोका आहे. चोराच्या भीतीने कुलुपे इतकी वाढतात की औषध रुग्णापर्यंतच पोहोचत नाही. १९८५ च्या अधिनियमानंतर परवान्यांच्या जाचामुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणेच सोडले आणि कर्करोगाने पीडित असंख्य लोक वेदनेत राहिले. २०१४ च्या दुरुस्तीने ती वाट काहीशी मोकळी झाली. एक कुपी विकणारी परिचारिका केवळ एका रुग्णाचे औषध नेत नाही. जिच्यामुळे कुलुपे उघडतात ती विश्वासार्हताच ती विकते. म्हणून तिचे शासन करणे हे वेदनेत पडलेल्या अनोळखी रुग्णांचे रक्षण आहे.

शेवटी परतीच्या वाटेचा प्रश्न. गीतेच्या दहाव्या अध्यायात भगवंतांनी दंडाला आपल्या विभूतींत गणले आहे. आणि नवव्या अध्यायात अत्यंत दुराचारी मनुष्यही निश्चय योग्य झाला तर साधूच मानावा, असे आश्वासन दिले आहे. ही दोन वचने परस्परविरोधी नाहीत. दुसऱ्या वचनाचा भर निश्चयावर आहे. पकडले गेल्यावर आलेले अश्रू म्हणजे निश्चय नव्हे. निश्चय कृतीने ओळखावा: अपराध पूर्णपणे सांगणे, साथीदार न लपविणे, दंड स्वीकारणे, व्यसन असल्यास उपचार पूर्ण करणे, आणि किल्ली पुन्हा न मागणे. असे करणारीला समाजाने उपजीविकेचे दार बंद करू नये. तिला काम मिळावे, मान मिळावा, कालांतराने सेवेची संधीही मिळावी. मात्र ते कपाट तिच्या हाती पुन्हा देण्याचे ऋण रुग्णावर नाही. क्षमा करणे हा समाजाचा अधिकार आहे. पण झोपलेल्या रुग्णाच्या जिवाची पैज लावून क्षमा करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

निष्ठेने राबणाऱ्या असंख्य परिचारिका रात्रीच्या तिसऱ्या प्रहरी, कोणी पाहत नसताना, पूर्ण मात्रा पूर्ण प्रामाणिकपणे रुग्णाला देतात. त्यांच्या त्या एकांतातील शुचितेचा मान राखणे, हाच या दंडाचा खरा हेतू होय.