नाताळचा पाहुणा

नाताळ जवळ आला की आमच्या मंडळ्यांतून एकच लगबग सुरू होते. माळ्यावरचा तारा खाली उतरतो, तरुण संघाच्या गीतांची तालीम लागते, घरोघरी करंज्या-शंकरपाळ्यांचे डबे भरतात. या आनंदात आम्ही एकटे कधीच नसतो. बेळगाव असो, इंदूर असो वा बडोदे असो, शेजारच्या दारी ताट गेल्याशिवाय आमचा नाताळ पुरा होत नाही. दिवाळीला त्यांच्याकडून आलेले असते, नाताळला आमच्याकडून जाते. गोव्यातही हीच देवघेव आहे. चवथीला तिकडून नेवऱ्या येतात, नाताळला इकडून गोडधोड जाते. आणि चोवीस तारखेच्या रात्री मंदिरातील मागच्या बाकांवर असे कितीतरी शेजारी येऊन बसतात, जे ख्रिस्ती नाहीत.

त्यांच्या येण्याविषयी आम्हांला पूर्वी कधी विचार करावा लागला नाही. आता करावा लागतो, आणि तो आमच्याच चुकीमुळे. ती चूक येथे सांगणे बरे.

आमच्या शेजारच्या एक वहिनी पुष्कळ वर्षे नाताळच्या उपासनेला येत असत. त्यांना गीते आवडत. मुलांना मेणबत्त्या आवडत. एके वर्षी आम्ही फोनवर त्यांचा फोटो काढला. मेणबत्तीच्या उजेडात मायलेकरे सुरेख दिसत होती. फोटो आम्ही व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर ठेवला आणि खाली एक ओळ लिहिली: ‘प्रभूचे कार्य वाढत आहे.’ हेतू वाईट नव्हता. स्टेटस चोवीस तासांत आपोआप निघून जाते, हेही ठाऊक होते. पण चोवीस तास फार होतात. कोणीतरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, पुढे धाडला, आणि आमच्या त्या ओळीसकट तो वहिनींच्या सासरच्या ग्रुपवर जाऊन पोहोचला. घरात नको ते प्रश्न उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वहिनींचा फोन आला. रागाचा शब्द नव्हता. त्या इतकेच म्हणाल्या, “मी नाताळला आले होते हो. तुम्ही मला कुठं नेऊन बसवलंत?”

पुढच्या नाताळला त्यांची जागा रिकामी होती.

आमचे काही बंधू म्हणतील, यात लपवण्यासारखे काय होते? उपासना उघड्या दारांनी चालते. वहिनी आपल्या पायांनी आल्या होत्या. शिवाय दिवा मापाखाली ठेवू नये, अशी प्रभूची शिकवण आहे. हे खरे आहे. पण दिवा कोणता? आमचा विश्वास, आमची वागणूक, आमची साक्ष हा आमचा दिवा. तो आम्ही खुशाल दिवठणीवर ठेवावा. शेजारीण हा आमचा दिवा नव्हे. ती आमच्या घरची पाहुणी आहे. बाकावर बसण्यास तिने संमती दिली होती. शेकडो अनोळखी डोळ्यांपुढे मांडले जाण्यास दिली नव्हती. आणि आमच्या त्या एका ओळीने तर तिच्या आनंदाला असा अर्थ जोडला, जो तिने स्वतः कधी जोडलाच नव्हता. आम्ही तिच्याविषयी साक्ष दिली, आणि ती खरी नव्हती. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्याची मनाई आम्ही लहानपणी शब्बाथ शाळेत पाठ केलेली आहे.

पहिल्या नाताळकडे पाहावे. मत्तयाच्या दुसऱ्या अध्यायात जे मागी येतात, ते परक्या देशाचे. ते यरुशलेमेत येऊन उघडपणे विचारतात, की जन्मलेला राजा कोठे आहे? प्रश्न अगदी निर्मळ होता. पण तो हेरोदाच्या कानी गेला, आणि त्याचे पर्यवसान बेथलेहेमच्या लेकरांच्या कत्तलीत झाले. दोष हेरोदाचा, मागी लोकांचा नव्हे. तरी निर्मळ मनाने उच्चारलेली बातमी कोणाच्या कानी पडून काय रूप घेईल हे बोलणाऱ्याच्या हाती राहत नाही, हे तेथे दिसते. म्हणून देवाने त्यांना स्वप्नात सूचना दिली, आणि ते दुसऱ्या वाटेने आपल्या देशी परत गेले. त्यांचा आनंद काही कमी झाला नाही. त्यांची दाने खोटी ठरली नाहीत. केवळ बालकाच्या रक्षणासाठी ते गाजावाजा न करता गेले.

मग मेंढपाळांचे काय? त्यांनी तर जे पाहिले ते सर्वांना सांगितले. होय, पण त्यांनी सांगितले ते बालकाविषयी. गव्हाणीपाशी आणखी कोण कोण आले होते, याची यादी ते सांगत फिरले नाहीत. आम्हीही ख्रिस्तजन्माची वार्ता जगभर सांगावी. पाहुण्यांची यादी सांगू नये.

निकदेम तर रात्री आला. प्रभूने त्याला रात्रीच का आलास असे विचारले नाही, की सकाळी गावभर केले नाही. त्याच्याशी मन मोकळे करून बोलला आणि त्याला जाऊ दिले. पुढे प्रभूच्या उत्तरकार्याच्या वेळी हाच मनुष्य गंधरस व अगरू घेऊन आला. कोणी केव्हा काय उघड करावे, हे ज्याचे त्याने देवासमोर ठरवायचे असते. बेळगावातच १८३१ साली जन्मलेल्या बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ साली झाला. त्याआधीच्या अंतरीच्या झगड्याची हकिकत त्यांनी ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात स्वतः लिहिली. ती सांगण्याचा अधिकार त्यांचा होता.

आमच्या भागांत ही गोष्ट केवळ शिष्टाचाराची राहिलेली नाही. धर्मांतराविषयीचा कायदा मध्य प्रदेशात १९६८ साली झाला आणि २०२१ साली त्याच्या जागी नवा आला; गुजरातेत २००३ साली झाला आणि २०२१ साली त्यात दुरुस्ती झाली; कर्नाटकात २०२२ साली झाला. त्यांच्या इष्टानिष्टतेची चर्चा येथे नको. पण अशा हवेत एका फोटोखालच्या एका बढाईखोर ओळीमुळे पाळकांवर, मंडळीवर आणि सर्वांत आधी त्या निरपराध पाहुण्यावर काय येऊ शकते, हे सुज्ञांस सांगावयास नको. हे भिणे आहे काय? स्वतःच्या जिवासाठी गप्प बसणे हे भिणे. दुसऱ्याच्या घराला आच लागू नये म्हणून जीभ आवरणे ही प्रीती.

तेव्हा यंदा आम्ही काही साधे नियम स्वतःस घालून घेतले आहेत. पाहुण्यांचा फोटो त्यांना विचारल्यावाचून काढणार नाही, आणि काढला तरी तो कोठे जाणार हे सांगितल्यावाचून धाडणार नाही. त्यांची मुले फोटोत असतील तर आईबापांना वेगळे विचारू. उपासना फेसबुकवर दाखवायची झाल्यास कॅमेरा वेदीकडे राहील, बाकांकडे नाही. आणि कोणाच्या येण्याचा अर्थ आम्ही लावणार नाही. कोणी गीतांसाठी येईल, कोणी केकसाठी, कोणी मैत्रीखातर. तेवढ्यासाठी आलेल्यालाही तितकेच मनःपूर्वक बसवून घेऊ. त्याच्या मनात देव काय करतो ते देवाला ठाऊक. त्याचा हिशेब आमच्याकडे मागितलेला नाही.

वहिनींकडे आम्ही गेलो, क्षमा मागितली. त्यांनी चहा दिला, ताटही ठेवून घेतले. उपासनेला येईन असे मात्र म्हणाल्या नाहीत, आणि आम्ही विचारले नाही. यंदाही त्यांची जागा मोकळी ठेवणार आहोत. त्या आल्या तर कोणाला कळणार नाही, आणि आम्हांला अतिशय आनंद होईल.